रेघ पावसाने पुसली नव्हती

आमच्या आरोग्य प्रतिष्ठानाची स्मरणिका गेल्या महिन्यात निघाली. कागद गुळगुळीत, छपाई स्वच्छ. मुखपृष्ठावर मावळत्या डॉक्टरबाई आणि नव्या संचालक शेजारी शेजारी उभ्या आहेत. माझे छायाचित्र सतराव्या पानावर आहे आणि त्याखाली ‘आमचे लाडके मामा’ असे छापले आहे. मी लाडका कधीच नव्हतो. चौक गावापासून माथेरानच्या पायथ्यापर्यंतच्या वाड्यांत ज्यांनी माझ्या हाताखाली काम केले आहे, त्यांना विचारावे. त्यांतला एकही हा शब्द वापरणार नाही. पण ती हरकत किरकोळ आहे, ती मी सोडून देतो.

सोडून देता येणार नाही असे एक वाक्य त्याच पानावर आहे. ते असे: ‘घरांच्या भिंतींवर खुणा करण्याची पद्धत अनेक वर्षे उपयोगी पडली, मात्र आपल्याकडच्या पावसात खुणा पुसल्या जात असल्याने ती पुढे बंद करण्यात आली.’

हे खोटे आहे. मी या पावसात जन्मलो आणि पंचाहत्तर पावसाळे काढले. गेरूत बाभळीचा डिंक खलून, वळचणीच्या आत, दाराच्या चौकटीला लागून मी जी खूण करीत असे ती पावसाने पुसली गेल्याचे एक घर मला दाखवावे. दाखवता येणार नाही.

याखेरीज आणखी दोन हकिकती फिरत आहेत. चौकच्या जुन्या हमरस्त्यावर चहाची टपरी आहे. तिथे असे सांगतात की म्हाताऱ्याला स्वतःलाच संचालक व्हायचे होते, खुर्ची मिळेना म्हणून तो आडवा पडला. आमचा गाडीचालक दुसरेच सांगतो: नव्या बाईंनी मामांचे पाय धरले आणि मामा विरघळले. ज्या सभेत नवा संचालक निवडला गेला, त्या सभेला ही दोन्ही माणसे नव्हती. मी होतो, आणि माझ्या मताने ती सभा फिरली. म्हणून जे घडले ते एकदा नीट लिहून ठेवतो.

प्रतिष्ठान म्हणजे फार मोठे काही नव्हे. कर्जत-चौक रस्त्याला बारा खाटांचा दवाखाना, एक प्रयोगशाळा आणि वाड्यांवर फिरणारी एक गाडी. डॉक्टरबाई मुंबई सोडून इकडे आल्या तेव्हा गाडीही नव्हती. मी सरकारच्या हिवताप खात्यात घरोघरी फिरून बोटाचे रक्त काचेवर घेणारा कर्मचारी होतो. बाईंनी मला पाहिले, माझे अक्षर पाहिले आणि म्हणाल्या, “तुम्ही माझ्याकडे या.” मी गेलो. पुढे त्यांनी मला क्षेत्र-पर्यवेक्षक केले. वाड्यांवर जाणाऱ्या सगळ्या कार्यकर्त्या मुली माझ्या हाताखाली असत.

हिवताप खात्यात एक चाल होती. घराला भेट दिली की भिंतीवर तारीख लिहायची. ती चाल मी प्रतिष्ठानात आणली आणि तिच्यात भर घातली. तारखेशेजारी गोल असेल तर घरात गरोदर बाई आहे. त्रिकोण म्हणजे ताप. उभी रेघ म्हणजे दोन आठवड्यांहून जास्त खोकला, या माणसावर लक्ष ठेवायचे, थुंकी तपासायची, क्षय निघाला तर सरकारी केंद्रातून औषध सुरू करायचे. औषध पुरे झाले की त्या रेघेवर फुली. वही पावसात भिजते, हरवते, कार्यकर्ती मुलगी लग्न होऊन जाते आणि नवी येते. भिंत कुठे जात नाही. नव्या मुलीने दारात उभे राहायचे, भिंत वाचायची आणि तेवढेच विचारायचे. दरवर्षी शिमगा झाला की मी सगळ्या वाड्यांतून चालत जाऊन भिंती वाचीत असे, आणि त्या वाचनावरून पुढच्या वर्षी प्रतिष्ठानाने कोणते काम आधी घ्यायचे आणि कोणते मागे ठेवायचे ते ठरे. ही पद्धत डॉक्टरबाईंची, असे काही जण समजतात. ती माझी होती. बाईंनाही हे ठाऊक आहे.

ही पद्धत मला इतकी प्रिय का होती, तेही सांगितले पाहिजे, कारण त्याशिवाय पुढचे कळणार नाही. याच वाड्यांत, याच घरांसमोर, माझे वडील अंगणाच्या कडेला उभे राहून हाक देत असत. उंबऱ्याजवळ त्यांना येऊ देत नसत. आम्ही बौद्ध झालो, मी शाळा शिकलो, आणि वडिलांना जिथे पाऊल टाकता आले नाही त्या उंबऱ्याला खेटून, दाराच्या चौकटीवर, मी गेरूने लिहू लागलो. पहिल्या काही वर्षांत दोन-तीन घरांनी माझे लिहिलेले शेणाने सारवून टाकले. का, ते त्यांनी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. मी दुसऱ्या दिवशी जाऊन पुन्हा लिहिले. तिसऱ्यांदा सारवले, तिसऱ्यांदा लिहिले. शेवटी ते थकले. पुढे मातीची घरे जाऊन सिमेंटची आली, रंगीत झाली, आणि लोक दाराच्या डाव्या बाजूला वीतभर जागा रंग न देता सोडू लागले. ती जागा माझ्यासाठी असे. मी ही गोष्ट कुणाला बोलून दाखवली नाही, पण रस्त्याने जाताना ती वीतभर पांढरी जागा दिसली की माझी मान ताठ होई.

डॉक्टरबाईंचे गुडघे गेले, तेव्हा त्यांनी जाहीर केले की येत्या चैत्रात आपण बाजूला होणार. प्रश्न आला, त्यांच्यामागे कोण. विश्वस्त आम्ही पाच. बाई, त्यांचा पुतण्या, एक निवृत्त मुख्याध्यापक, खालापूरकडचे एक मोठे जमीनदार, आणि कर्मचाऱ्यांचा प्रतिनिधी म्हणून मी. दोन नावे पुढे आली. एक पुतण्या, तो हाडांचा सर्जन आहे आणि त्याला हमरस्त्यावरच्या अपघातांसाठी मोठे रुग्णालय उभारायचे होते. दुसरे नाव आमच्या सिस्टरचे. खालच्या भातखाचरांच्या गावातली ही मुलगी. लग्नानंतर प्रतिष्ठानात मदतनीस म्हणून लागली, माझ्या हाताखाली वाड्या हिंडली, मग परिचारिका झाली आणि पुढे दवाखान्याची सगळी व्यवस्था तिच्याकडे आली. बाई आणि मुख्याध्यापक तिच्या बाजूने होते, जमीनदार पुतण्याच्या. पाचवे मत माझे.

पुतण्या वाईट माणूस नाही. तो मला भेटायला घरी आला, माझ्या पत्नीने केलेले घावन खाल्ले आणि म्हणाला, “मामा, मी रस्त्याकडे बघेन. वाड्या तुमच्या. तुमच्या भिंतींना कुणी हात लावणार नाही.” मला तेवढेच हवे होते. खुर्ची मला नको होती. टपरीवरच्यांनी हे लक्षात घ्यावे की ज्या माणसाला दिवसभर खुर्चीवर बसवत नाही तो खुर्चीसाठी भांडत नाही.

सिस्टरने मात्र फाल्गुनातल्या सभेत पुढच्या कामाचा आपला कागद वाचला आणि त्यात पहिल्याच ओळीला खोकला होता. क्षयाचे काम सगळ्यांत आधी. दुसरे, बायकांचे रक्त कमी असणे. तिसरे, ढाब्यांवर आणि गॅरेजात राबणाऱ्या माणसांची साखर आणि रक्तदाब. आणि शेवटी एक वाक्य: घराच्या बाहेर, कुणालाही दिसेल अशी कोणतीही खूण राहणार नाही, जे विचारायचे ते घरात बसून, एकेकाला वेगळे विचारायचे.

मी म्हणालो, “सिस्टर, खोकला पहिला का? दरवर्षी मी भिंती वाचतो. रेघा कमी होत आल्या आहेत.”

“रेघा कमी झाल्यात मामा,” ती म्हणाली. “खोकला नाही.”

“पुरावा?”

ती खाली कागदाकडे बघत राहिली. जमीनदार हसले. मला वाटले, मी जिंकलो. चैत्रातल्या सभेत मत कुणाला द्यायचे ते मी तिथेच ठरवून टाकले, आणि ठरवले की त्या सभेला हातात ताजे भिंत-वाचन घेऊन जायचे. म्हणजे खोकला उतरला आहे हे तिलाही मान्य करावे लागेल.

शिमग्यानंतरच्या आठवड्यात मी गाडी काढायला लावली. माथेरानच्या पायथ्याची एक वाडी आहे, तिथून सुरुवात केली. चालक गाडीत पेपर वाचीत बसला. त्याने पुढचे काहीही ऐकलेले नाही, हे त्याने कबूल करावे. पहिल्याच घरासमोर एक बाई बादलीत चुना कालवीत होती. तिचा नवरा माथेरानला पर्यटकांसाठी घोडा धरतो, तो महिन्यातून दोनदा खाली येतो. मी तिला ती सून म्हणून आली तेव्हापासून ओळखतो. मला बघताच तिने कुंचला वर केला.

“आलात काय मामा? पन आज काय बी लिवू नका हां. उद्या पावनं यायचं हायत.”

“कसले पाहुणे?”

“धाकटीला बघाया. नेरळकडचं हायत. त्यांच्या गावाला बी तुमचीच गाडी जाते. सगळं वाचतात मेले.”

“काय वाचतात?”

“अवो, तुमची रेघ! रेघ दिसली की च्या पितात नि उठतात. पोरीच्या तोंडाकडं बी बघत नायत. टीबीचं घर, म्हनतात. म्हनून त फाल्गुन लागला की आमी आदी त्या जागंवर चुन्याचा हात फिरवतो. पोरगी हाय त्या समद्या घरांत तसंच हाय.” तिने कुंचल्याने सगळी वाडी दाखवली. “त्या सरपंचाच्या घरी बी. त्याच्या बायकोनं त डिस्टेंपर लावलाय.”

ती हे सगळे हसत सांगत होती, जसे एखाद्याला त्याच्याच घरातली गंमत सांगावी. मी दाराजवळ गेलो. डाव्या बाजूची वीतभर जागा ओली आणि पांढरी होती. आणि तेवढ्यात घरामागून, पडवीतून, कुणीतरी खोकले. तो खोकला मी ओळखतो. चाळीस वर्षे दुसरे काय ऐकले आहे.

“कोण आहे?”

“सासरा. म्हातारं मानूस, खोकायचंच.”

“कधीपासून?”

“मागल्या दिवाळीच्या आदीपासनं. तवा तुमच्या पोरीनं मारलेली की रेघ. मंग थोरलीला बघाया आलं, तवा पुसली.”

“आणि त्यानंतर मुली आल्या, त्यांनी विचारलं नाही?”

तिने माझ्याकडे असे पाहिले की जणू मी तिची परीक्षा घेतो आहे. “भिंतीवर नाय त कशाला इचारतील? तुमीच शिकवलंय ना त्यांना. भिंत बघा नि इचारा.”

आता मला जे लिहायचे आहे त्यासाठीच हा सगळा खटाटोप आहे, म्हणून सावकाश लिहितो. पुसलेल्या रेघा मला दिसल्या नव्हत्या असे नाही. दरवर्षी दिसत होत्या. फाल्गुनात वाचायला जाई तेव्हा कुठे ओला चुना दिसे, कुठे नवा रंग, कुठे शेणाचा हात. रंगाविना सोडलेली जागा पाहून मान ताठ होई, आणि ती जागा कुणी झाकलेली दिसली की तीच मान वळे. मला वाटे, ते मी लिहिलेले पुसतात. मला वाटे, वडिलांना अंगणाच्या कडेला उभे करणारी ती जुनी गोष्ट अजून या घरांत आहे, आणि आता ही माणसे उघड बोलत नाहीत, फक्त कुंचला फिरवतात. तरुणपणी मी भांडलो असतो. नंतर मी ठरवले की विचारायचेच नाही. ज्याने माझे अक्षर पुसले त्याच्या दारात उभे राहून ‘का पुसले’ असे विचारणे मला मानहानीचे वाटे. मी कोरी भिंत वाचत असे, वहीत ‘काही नाही’ असे लिहीत असे आणि पुढे जात असे.

त्या दिवशी मी तिला ते बोलून दाखवले. म्हणालो, “मला इतकी वर्षं वाटत होतं की मी लिहिलेलं तुम्हांला खपत नाही.”

तिने मग कुंचला बादलीवर आडवा ठेवला.

“अगं बया! तुमचं लिवलेलं खपत नाय, तर मंग ही वीतभर जागा आमी कुनासाठी सोडतो? देवासाठी?” आणि मग जरा रागाने, “लोक खोटं मानत असतील त पुसतील कशाला? खरं मानतात म्हनून पुसाया लागतं. इचारायचं व्हतं की मामा. तोंड व्हतं ना?”

मी पडवीत जाऊन म्हाताऱ्याजवळ बसलो. त्याला गाडीत घालून थुंकीच्या तपासणीला न्यायचे म्हणालो, तर ती म्हणाली, पावनं जाऊ द्या, मग न्या. मी म्हणालो, आजच. ती नाही म्हणाली. मग म्हातारा स्वतःच म्हणाला, “आजच न्या रं. उद्या मी इथं खोकलो त पोरीचं वाटुळं.” तेव्हा तिलाही पटले की सासरा उद्या घरात नसलेलाच बरा. अशा रीतीने, पाहुण्यांच्या सोयीसाठी, तो माणूस दवाखान्यात आला. त्याच्या थुंकीत क्षयाचे जंतू निघाले. पुढचे तीन दिवस मी त्या वाडीत आणि शेजारच्या दोन वाड्यांत घरोघरी बसलो आणि भिंतीकडे न बघता विचारले. किती घरांत खोकला निघाला तो आकडा मी सभेत सांगितला आहे; इथे छापणार नाही. तो त्या घरांचा आहे.

चौथ्या दिवशी मी सिस्टरकडे गेलो. ती औषधांच्या कपाटाची कुलपे लावीत होती.

“तुला माहीत होतं,” मी म्हणालो. “सभेत गप्प का बसलीस?”

“काय सांगणार होते मामा? पुरावा मागितलात ना. पुरावा आमच्या घराचा होता.”

मग तिने सांगितले, कुलपे लावता लावताच. तिला बघायला येणार होते तेव्हा तिच्या आईने त्यांच्या भिंतीवरची रेघ सारवली होती. ती रेघ तिच्या बापाच्या खोकल्याची होती, आणि ती मी स्वतः ओढलेली होती.

“मग?”

“मग काय. लग्न झालं. बाप नाही राहिला.”

मी उभाच होतो. ती म्हणाली, “बसा, चहा सांगते.” मी चहा घेतला नाही. पाय कुणी धरले नाहीत, डोळ्यांत पाणी कुणाच्याही आले नाही. आमच्या चालकाने ही गोष्ट सांगताना तेवढे वगळावे.

चैत्रातल्या सभेत मी उभा राहून सगळे सांगितले. भिंतींचे, कुंचल्यांचे, आणि माझ्या न विचारण्याचे. सिस्टरच्या बापाचे सांगितले नाही. ते तिचे आहे, आणि इथेही तिने परवानगी दिली म्हणूनच लिहिले आहे. डॉक्टरबाई सगळे ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, “मी जिथे जाईन तिथे सांगत आले की आपल्याकडचा खोकला उतरला.”

“मीच तुम्हांला तसं सांगत आलो.”

“मला तरी विचारायचं होतं, मामा. या भिंती कोऱ्या का दिसतात म्हणून.”

“तुम्हांला विचारलं असतं तर मला जे वाटत होतं ते सांगावं लागलं असतं.”

बाईंनी मान हलवली. मला वाटते, त्यांना ते तिथेच कळले. पुतण्याने मात्र मोठ्या मनाने हात पुढे केला. “मामा, या वयात स्वतःवर एवढं का ओढवून घेता? इथला पाऊस कसा आहे. खुणा पुसणारच. तसंच म्हणू या.” ‘पाऊस’ प्रथम आला तो तिथे, त्याच्या तोंडून, माझी लाज राखण्यासाठी. मी म्हणालो, “फाल्गुनात पाऊस नसतो, डॉक्टर.” आणि माझे मत सिस्टरला दिले. खोकल्याचे काम पहिले ठरले, आणि भिंतींवरचे लिहिणे त्या दिवशी बंद झाले. मी ज्याच्यासाठी पुतण्याला मत देणार होतो ते मी स्वतःच्या हाताने बंद केले, हे टपरीवरच्या मंडळींनी ऐकावे. पुतण्याने ते मनाला लावून घेतले नाही. अपघाताच्या रुग्णांसाठी दोन खाटा राखायचे सिस्टरने मान्य केले आणि तो आजही दर शनिवारी येऊन शस्त्रक्रिया करतो.

हे सगळे झाल्यावर, वर्ष उलटून, ही स्मरणिका निघाली आणि तिच्यात पाऊस पुन्हा आला. ती लिहिली कुणी, तर नव्या संचालकांनी. म्हणजे सिस्टरने. मी स्मरणिका घेऊन तिच्या खोलीत गेलो. आता मी तिला सभेत ‘तुम्ही’ म्हणतो. खोलीत मात्र जीभ वळत नाही.

“हे काय लिहिलंस?”

“मामा, तुमचं नाव त्या पानावर आहे. त्याच पानावर खाली ते कसं छापायचं? लोक काय म्हणतील?”

“लोक काय म्हणतात ते मी रोज टपरीवर ऐकतो. तू खरं लिही.”

“तुम्ही एवढं काम केलंत, त्याचं काही—”

“काम माझं लिहिलंस ना? मग चूकही माझीच. ती पावसाला का देतेस?”

ती हसू लागली. ती हसली की मला राग येतो आणि तिला ते माहीत आहे. “अहो, छापून झालीय. आता काय करू, सगळ्या परत मागवू?”

“शुद्धिपत्र काढ. अजून गठ्ठे कपाटातच आहेत.”

दोन दिवसांनी तिने मजकूर पाठवला. ‘पृष्ठ सतरावर पावसात खुणा पुसल्या जात असे म्हटले आहे, त्याऐवजी घरातील स्त्रियांनी त्या पुसल्या असे वाचावे.’ मी तसाच तिच्याकडे परत गेलो. म्हणालो, हे पहिल्याहून वाईट आहे. बायकांनी पुसल्या त्या मुलींच्या लग्नासाठी पुसल्या. त्यांनी आपापल्या घराची काळजी घेतली. रेघ सर्वांना दिसेल अशी दारात मी ओढली होती. पुसलेली पाहून मी विचारले नाही. ते लिही. ती म्हणाली, “तुम्हीच सांगा मग शब्द.” मी सांगितले, तिने टंकलिखित केले आणि तक्रार केली की इतके कठोर शब्द प्रतिष्ठानाच्या कागदावर बरे दिसत नाहीत. मी म्हणालो, सही माझी घाल. त्यावर आमचे अर्धा तास भांडण झाले आणि अखेर सही न घालता, पण माझे शब्द तसेच ठेवून, चिठ्ठ्या छापल्या. त्या चिकटवण्याचे काम मी कुणाला दिले नाही. खळीचे भांडे घेऊन तीन दिवस दवाखान्याच्या ओसरीत बसलो आणि प्रत्येक प्रतीत सतराव्या पानावर चिठ्ठी सरळ बसवली.

एक प्रत मी पायथ्याच्या वाडीत नेली. आता माझ्याकडे पर्यवेक्षकाचे काम नाही. संचालकांनी मला गुरुवारी एक वाडी चालायला दिली आहे, तीही मी मागितली म्हणून. त्या बाईच्या धाकटीचे लग्न नेरळला झाले आहे. सासऱ्याचे औषध पुरे झाले, पण चढ चढला की तो अजून दमतो. घराला नवा फिका निळा रंग दिला आहे आणि डाव्या बाजूला वीतभर जागा तशीच पांढरी सोडली आहे. मी म्हणालो, आता कशाला सोडलीस, आता कुणी लिहिणार नाही. ती म्हणाली, “असू दे. सवय हाय.”

मी तिला चिठ्ठी वाचून दाखवली. ‘भिंतींवरील खुणा पावसाने पुसल्या नव्हत्या. त्या सर्वांना दिसतील अशा ठिकाणी केल्यामुळे मुलींच्या लग्नात अडथळा येई, म्हणून घरच्यांनी त्या पुसल्या. पर्यवेक्षकाला ते दिसत होते. त्याने विचारले नाही.’

तिने ऐकून घेतले. तांदूळ निवडत होती, हात थांबला नाही.

“एवडंच?”

“एवढंच.”

“मंग आता इचारा की. आत या, बसा आदी. म्हातारं सकाळपासनं परत खोकतंय.”

मी चप्पल काढली आणि आत गेलो.